माफीचं कपाट

आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दारावर परदेशातल्या लोकांचे माफीनामे चिकटवलेले होते. यवतमाळात, बॅटरीच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं ते ऑफिस. तिथे कोणीही आलं की सर त्याला पाणी विचारायचे नाहीत, आधी कपाटापाशी न्यायचे. मग तो पाण्याचे कॅन पोचवणारा असो की मालकांचा साडू.

"हा पाय," एका कागदावर तुराटी टेकवून सर सांगायचे, "हा नॉर्वेचा. काय म्हणते? 'माह्यीच चूक झाली, माफ करा.' आन् हा जर्मनीचा. यानं तं दोनदा माफी मागतली."

कॅनवाला मान डोलवायचा आणि रिकामा कॅन घेऊन निघून जायचा.

सरांनी कुठल्याही शाळा-कॉलेजात कधी शिकवलेलं नव्हतं. पण त्यांना 'भाऊ' म्हटलं तर ते उत्तर देत नसत, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. वय पंचावन्नच्या आसपास, शर्टाच्या खिशात फुटाणे, हातात तुरीच्या झाडाची ती वाळलेली काडी. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची ओळ दाखवायला त्यांना बोट चालत नसे. आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक स्क्रीनवर त्या तुराटीचे ओरखडे होते आणि नवीन स्क्रीन आला की त्यावर पहिला ओरखडा कधी पडतो याची आम्ही वाट पाहायचो.

आमचं काम काय ते सांगते, नाहीतर ही माफी कशाची ते कळायचं नाही. कापसाचा ओलावा मोजणारं एक लहानसं मशीन आम्ही बनवत होतो. कापसाच्या ढिगात सळई खुपसली की स्क्रीनवर आकडा येतो. त्या मशीनच्या पोटात कॉम्प्युटर असतो आणि त्या कॉम्प्युटरच्या तळाशी कर्नेल नावाचा प्रोग्राम. हा कर्नेल जगभरचे लोक मिळून लिहितात, फुकट वाटतात आणि एकमेकांच्या चुका ईमेलच्या यादीवर चारचौघांत काढतात. माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल अशा रूपात आणायचं काम कंपायलरचं. त्याला एखादी ओळ पटली नाही की तो हातातलं काम टाकतो आणि तक्रारी करत सुटतो. याला म्हणतात बिल्ड फेल होणं. असं आडवं पडलेलं बिल्ड पुन्हा उभं करणं हेच सरांचं काम होतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे दुसरं काही त्यांना आवडतही नव्हतं.

ऑफिसचा, म्हणजे सरांचा, एक नियम होता. आपल्यापुरती मलमपट्टी करायची नाही. दुरुस्ती आधी त्या जगभरच्या यादीवर पाठवायची, तिथल्या जबाबदार माणसाने ती पसंत केली की मगच आपल्या मशीनमध्ये घ्यायची. आणि दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहायची तिथे रीत आहे: ही मोडतोड मुळात कोणत्या बदलामुळे झाली. तो बदल ज्याने केला त्यालाही मग ते पत्र जातं. पुढच्या माणसाला शोधायला सोपं जावं एवढाच त्या ओळीचा हेतू. सरांनी मात्र तिचं पोलीस स्टेशन करून ठेवलं होतं. दुरुस्ती दहा मिनिटांत व्हायची आणि गुन्हेगार शोधण्यात सर दोन दिवस घालवायचे. तो सापडला की त्यांचा चेहरा असा उजळायचा की मालक विचारायचे, "पोराचं लग्न जमलं काय सर?" आणि त्या गुन्हेगाराने 'सॉरी' लिहिलं की प्रिंट निघायची, टेप निघायचा, कपाटावर कागद चढायचा.

"कोनं केलं ते लिहाचं," सर म्हणायचे. "लाज वाटत असन तं चूक करू नोय."

मी लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "गाव कोणतं वं?"

"उमरखेड."

"म्हणजे अर्धं नांदेडच," असं म्हणून ते वळले, आणि त्या दिवसापासून मी उमरखेड झाले. मालक राळेगावचे होते, त्यांना तोंडावर राळेगाव म्हणायचे. माझ्याआधी लागलेला मुलगा वणीचा, तो वणी. मी एकदा धीर करून म्हटलं, सर, मला नाव आहे. तर म्हणाले, "नाव थे दुरुस्तीखाली लागते. तोवर गावानं भागते ना. मंग?" त्यांच्या हिशेबाने मला अजून नाव पडलेलंच नव्हतं. मला त्याचा राग यायचा, आणि घरी फोनवर आईला मी सांगायचे की इथे सगळे मला ताई म्हणतात.

त्यांचं दुसरं वेड 'पहिली सांग'. बिल्ड फेल झालं की कंपायलर शेकड्याने तक्रारी ओततो, आणि स्क्रीनवर दिसतात त्या शेवटच्या. नवखा माणूस त्याच वाचतो. सर म्हणायचे पहिली वाच, बाकीच्या तिच्याच पोरी आहेत. एवढ्यापुरतं ते खरं होतं आणि मी आजही तसंच करते. पण सरांनी हे औषध सगळ्याच दुखण्यांवर वापरलं. मालक चिडून आले की सर विचारायचे, "पहिली सांगा." मालक सांगायचे गाडी पंक्चर झाली. "तिच्याआंधी?" बायकोशी भांडण झालं. "तिच्याआंधी?" असं करत मालक त्यांच्या लग्नापर्यंत मागे जायचे आणि ज्यासाठी आले होते ते विसरायचे. एकदा सर खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेले आणि दहावीत असताना ओल्या अंगाने परीक्षेला बसलो होतो तिथपासून सुरुवात केली. तपासून होईपर्यंत बाहेर बसलेले दोन पेशंट घरी गेले, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सोशिक बाई.

फुटाण्यांचीही तीच गत. बिल्ड चालू असताना कंपायलर इशारे देतो, म्हणजे काम थांबवत नाही पण कुरकुर करतो. प्रत्येक इशाऱ्याला सर एक फुटाणा टेबलावर ठेवायचे आणि तो इशारा मिटेपर्यंत खायचे नाहीत. मालक येता-जाता मूठभर उचलून तोंडात टाकायचे.

"राळेगाव, थे इशारे हायेत," सर म्हणायचे.

"खारे छान आहेत," मालक म्हणायचे.

वणीच्या मुलाचं प्रकरण याच इशाऱ्यांवरून झालं. इशाऱ्याने काम थांबत नसलं तरी आमच्याकडे मशीन पाठवायच्या आधीच्या बिल्डमध्ये इशारा आला की ते फेल धरायचं असं सरांनी ठरवून ठेवलं होतं. त्याने एक दिवस कंटाळून एका फाइलीत एक शब्द घातला, आणि कंपायलरचं तोंडच बंद झालं. बिल्ड सरळ पास. मालकांनी खालून समोसे मागवले. सरांनी समोसा हातात घेतला, टेबलावर एकही फुटाणा नाही हे पाहिलं, आणि समोसा खाली ठेवला. तो शब्द त्यांना पाच मिनिटांत सापडला. त्यानंतर सर ऑफिसात आले नाहीत. म्हणजे यायचे रोज, साडेनऊला, पण जिन्यावर बसायचे, डबाही तिथेच खायचे. बॅटरीवाल्याच्या गिऱ्हाइकांना वाटायचं, हे रांगेत आहेत. पाचव्या दिवशी तो मुलगा स्वतःच राजीनामा देऊन वणीला परत गेला. आज तो कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर बसतो. वाईट मुलगा नव्हता. त्याला समजावून सांगायला एक तास पुरला असता, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि मी तेव्हाही बोलले नव्हते.

मला शिकवताना मात्र सर एकदा बरं बोलले होते. शब्द साठवायला प्रोग्रामात ठरावीक घरांचा डबा करतात. आठ घरांच्या डब्यात सात अक्षरं घालायची, कारण शेवटचं घर 'संपलं' अशी खूण ठेवायला लागतं. खूण नसली तर मशीन पुढे वाचतच जातं, जे सापडेल ते. "कापसाचं पोतं गच्च भरलं आन् तोंड शिवायले जागाच नाई ठेवली, तं कापूस रस्त्यानं सांडत जाईन का नाई? जागा ठेवा लागते, उमरखेड." मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आता आमच्या मशीनचं एक दुखणं सांगते. ते चालू केलं की स्क्रीनवर आधी यवतमाळ हे नाव यायचं, इंग्रजी अक्षरांत. सरांनी दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या सर्किट बोर्डाची ओळख कर्नेलमध्ये घालून घेतली होती आणि बोर्डाला जिल्ह्याचं नाव दिलं होतं. हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान. "जगातल्या कोणत्याबी कर्नेलचं पोट फाडून पाय, यवतमाळ सापडन." दुखणं हे की नावाच्या पुढे एक वेडंवाकडं चिन्ह यायचं. कधी तारा, कधी चौकोन, कधी नुसतीच घाण. गिऱ्हाईक विचारायचं हे काय. सर म्हणायचे स्क्रीन सस्ता आणला. मालकांनी त्यापायी दोनदा स्क्रीनवाला बदलला, नागपूरच्या एकाशी तर कायमचं बिनसलं. चिन्ह काही गेलं नाही.

माझी सहा महिन्यांची कच्ची नोकरी संपत आली त्या दिवाळीआधी नवा कंपायलर आला. नवं काहीही आलं की पहिल्या दिवशी बसवायचं हा सरांचाच हट्ट. बसवला आणि बिल्ड फेल. महागावच्या एका जिनिंगवाल्याला मशीनं कापूस सुरू व्हायच्या आत हवी होती, पंधरा दिवस राहिले होते. मालकांनी मला बोलावलं. "हे बिल्ड तू काढून दे. दिलं तं पक्की करतो. नाई तं तुह्या काकाचं दुकान आहेच ना उमरखेडले." काकाचं खत-बियाण्याचं दुकान खरंच होतं, आणि काउंटरमागची माझी खुर्चीही घरच्यांनी ठरवून ठेवली होती. मला ती खुर्ची नको होती. इतकी नको होती की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सर म्हणाले, "मी हात नाई लावत. पहिली वाच."

मी वाचली. कंपायलर सांगत होता की अमुक फाइलीत, अमुक ओळीत, आठ घरांच्या डब्यात आठ अक्षरं कोंबली आहेत आणि 'संपलं' या खुणेला जागा नाही. जुने कंपायलर हे चालवून घ्यायचे, नवा घेत नव्हता. आणि ती आठ अक्षरं कोणती, तर इंग्रजीतलं यवतमाळ. मी बोटांवर मोजली. पुन्हा मोजली. मग ती ओळ मुळात कोणी लिहिली हे दाखवणारी आज्ञा दिली, आणि सरांचं नाव आलं.

मी हसले, खोटं कशाला बोलू. स्क्रीनवरच्या त्या चिन्हाचंही कोडं सुटलं. मशीन यवतमाळ वाचून थांबत नव्हतं, पुढचा कचराही वाचत होतं. दोन स्क्रीनवाले उगाच गेले. मग हसू ओसरलं, कारण हे सरांना सांगायचं होतं.

सरांनी प्रिंट घेतली. तुराटी ओळीखाली ठेवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"तवाच्या कंपायलरनं घेतलं होतं," ते म्हणाले.

"हो सर."

"मंग आता याले काय झालं? नवे कंपायलर लय शिष्ट झाले."

मालक तेवढ्यात आत आले. त्यांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "अक्षर जास्त होते ना? मंग नुसतं यवत लिहा. कोण पाहते?"

"यवत पुण्याकडं आहे," सर इतक्या हळू बोलले की मालक आल्या पावली परत गेले.

दुरुस्ती सोपी होती. डब्याला एक घर वाढवायचं, आठाचे नऊ करायचे. मी ती लिहिली, खाली कारण लिहिलं, आणि त्या ओळीपाशी येऊन थांबले. सर माझ्या मागे उभे होते.

"थे राहू दे," ते म्हणाले. "एवढ्याश्या गोष्टीले ती ओळ नसली तं चालते."

मला त्यांचा राग आला. नॉर्वेवाल्याने एक स्वल्पविराम चुकवला होता तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. मी मागे वळून कपाटाकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं असावं. आणि मग मी ती ओळ न लिहिताच दुरुस्ती पाठवली. मला पक्की नोकरी हवी होती आणि मला ती सरांच्या हाताखालीच करायची होती. घाबरून मी गप्प बसले, वणीच्या वेळी बसले तशीच.

दुसऱ्या दिवसापासून सर आले नाहीत. खोकला झाला असं काकूंनी कळवलं. पाचव्या दिवशी यादीवरून उत्तर आलं, तिथल्या जबाबदार माणसाचं, दोन वाक्यांचं. दुरुस्ती बरोबर दिसते. पण ही मोडतोड कोणत्या बदलामुळे झाली ती ओळ कुठे आहे, ती आल्याशिवाय घेता येणार नाही.

मालक म्हणाले आठवडा राहिला. मी ती प्रिंट घेऊन रिक्षाने सरांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. "खोकला-बिकला काई नाई. बसून राहते नुसते. ऑफिसात कोणी मेलं काय वं?"

सर झोपाळ्यावर बसले होते, समोर वाटीत फुटाणे, खाल्लेले नव्हते. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी वाचला.

"सर, वणीच्या मुलाला तुम्ही पाच दिवस जिन्यावर बसून घालवलं," मी म्हटलं. "त्याने लपवलं ते निदान स्वतःच्या हाताने. तुम्ही मला लपवायला लावलं. मी आज ती ओळ लिहिणार आहे. मग मला काढून टाका."

तुराटी शोधल्यासारखा त्यांचा हात झोपाळ्यावर फिरला आणि थांबला. काकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. मी पाणी न पिता निघाले.

रिक्षातून उतरून जिना चढेपर्यंत सरांनी यादीवर उत्तर टाकलेलं होतं. सगळ्या जगाला दिसेल असं. ती ओळ त्यांनीच लिहिली होती, त्यांच्या स्वतःच्या बदलाचा नंबर देऊन. खाली लिहिलं होतं: ही चूक माझी. ही ओळ लिहू नको असं मीच तिला सांगितलं, ती माझी दुसरी चूक. दुरुस्ती करणारीचं काम बरोबर आहे, फक्त वर्णनातल्या तिसऱ्या वाक्यात एक शब्द चुकला आहे, तो तिने सुधारावा. आणि माझं नाव होतं. माझं, वडिलांचं, आडनाव, सगळं. मला तिथे रडू आलं, आणि तो शब्द खरंच चुकला होता याचा संतापही आला.

दुरुस्ती घेतली गेली. मशीनं महागावला वेळेवर गेली, मी पक्की झाले. स्क्रीनवर यवतमाळ येऊन थांबू लागलं, पुढे काही नाही. मालकांनी नागपूरच्या स्क्रीनवाल्याला फोन करा असं सरांना सुचवलं, तर सर म्हणाले, "त्याचा स्क्रीन तसाबी खराबच होता."

सर ऑफिसात परतायच्या आत मी एक काम करून ठेवलं होतं. त्यांच्या पत्राची प्रिंट काढून कपाटाच्या अगदी मधोमध, नॉर्वेच्या वर चिकटवली होती. सर आले, कपाटापुढे उभे राहिले. मालक दाराआडून बघत होते.

"टेप वाकडा लावला, उमरखेड," सर म्हणाले.

त्यांनी कागद काढला आणि खालच्या कोपऱ्यात सरळ लावला. शेजारी एका कागदापुरती मोकळी जागा राहिली. नीटनेटकेपणा म्हणून सोडली असेल, असं मला वाटलं. दुपारी कॅनवाला आला तेव्हा त्यालाही त्यांनी तो कागद दाखवला. "हा यवतमाळचा. हाबी म्हणते, माह्यीच चूक."

पुढच्या वर्षी मी पुण्याच्या एका कंपनीत गेले. सर निवृत्त झाले. निरोपाला मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, सरांनी ते परत केलं आणि कपाट मागितलं. टेम्पोतून ते घरी नेलं. काकूंनी त्यात पापड ठेवले असं ऐकलं.

मागच्या महिन्यात यादीवरून मला पत्र आलं. एका दुरुस्तीचं, पाठवणारे सर. मी आठाचे नऊ केले होते खरे, पण एका आडबाजूच्या फाइलीत तो डबा आठच घरांचा आहे ना अशी तपासणी तशीच राहून गेली होती. त्यामुळे एका जुनाट जातीच्या कॉम्प्युटरसाठी बिल्ड केलं तर ते फेल होत होतं. तो कॉम्प्युटर जगात अजून चार माणसं वापरत असतील तर नवल. सरांनी निवृत्तीनंतर बसून त्याच्यासाठी बिल्ड केलं होतं. दुरुस्तीखाली ती ओळ होती, माझ्या बदलाचा नंबर देऊन.

मी पहिली तक्रार काढून वाचली. त्यांचं बरोबर होतं. अर्धा तास मी उत्तर लिहिलं नाही. तेव्हाची घाई, नवखेपणा, दुसऱ्या कोणी का नाही पाहिलं, असं बरंच सुचलं. मग सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, चूक माझी, माफ करा, आणि खाली पूर्ण नाव घातलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं, यादीवर नाही, एकट्या मला.

"उमरखेड, कागद लावला. जागा ठेवलीच होती."